आठ पायांचं पिल्लू

काळाचौकी, ६ जानेवारी २०२५

वल्लरे,

सगळ्यांत आधी कोण वर आलं असेल, सांग? सीमा! लवू खाली टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालतोय, पिशव्या फुटपाथवर, आणि ही एकटी कठड्याला धरून जिना चढून दारात हजर. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. म्हटलं, अगो बाय, डॉक्टरांनी दगदग नको सांगितलंय ना? तर म्हणते, "काकी, तुमच्या दारात यायचं म्हटलं की पाय आपोआप चालतत." असं बोलणं ऐकलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. भाकरी करपली.

लवू म्हणजे तुझ्या आजोबांच्या चुलतभावाचा थोरला, काका सोडून तू दादा म्हणतेस तो, आणि सीमा त्याची बायको. तू त्यांच्याच गावात राहतेस, तुला मी काय सांगू! सीमाचं ऑपरेशन गोव्याला झालं, आता परळच्या हॉस्पिटलात मशीनचे शेक द्यायचेत, रोजच्या रोज, शनिवार-रविवार सुट्टी. शिमग्यापर्यंत चालेल म्हणतात. मी म्हटलं, राहा की, खोली कुणाची आहे? गावातलं कोणीही परळला दुखणं घेऊन आलं की उतरतं मालनकाकीकडे, हे आजोबा होते तेव्हापासूनचं आहे. आपल्या ह्या दहा बाय बाराच्या खोलीतून किती माणसं बरी होऊन गेली. एक-दोन नाही झाली, पण तीही जाताना मला हात जोडून गेली.

कोकमं आणलीत, सांडगी मिरची आणलीय, आणि फणसाचे तळलेले गरे. ते शेजारच्या बेबीला दाखवले नाहीत. बेबीचे गुडघे दुखतात, डोळे चांगले आहेत.

बादशा तर पहिल्या दिवसापासून शेपूट हलवत सीमाच्याच गोधडीवर. मला म्हातारीला विचारत नाही, जिने दहा वर्षं दूध-पाव घातला. मी हाकलते, तर ती म्हणते, "झोपू दे, काकी, त्याची ऊब लागता माका."

हां, एक राहिलं. सीमा सांगत होती, गावात माकडं मेलेली सापडली की लोक घाबरतात, तो माकडताप गोचिडीमुळे येतो. बेबी ऐकत होती. मी म्हटलं, माझी नात त्याच गोचिडींवर डॉक्टर होतेय! दिवाळीत तू भिंगातून दाखवलंस तेव्हा सहा पायांचं कुठलं आणि आठ पायांचं कुठलं, ते सांगितलं होतंस. मी विसरले. लिही. ते भिंग आहे माझ्याकडे, पेपर वाचायला. परवा बेबीचं कुंकू किती जुनं झालंय तेही बघितलं त्यातून. यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे आहे. मी काय, नेहमीची चहाच्या पातेल्यापाशी.

तुझी
मालन आजी


दोडामार्गाच्या आत, १० जानेवारी

आजी,

तुझं पत्र वसंतदादाने रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून आणून दिलं. ही टपालव्यवस्था बरी आहे. इथे फोनला रेंज येते ती एका कातळावर उभं राहिलं तर, तीही वारा असेल त्या बाजूने, आणि तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस.

लवूदादा आणि सीमावहिनी तुझ्याकडे आहेत म्हणून इथे माझी चंगळ आहे. त्यांची आई मला रोज बोलावून आंबोळी घालते. वसंतदादा, लवूदादाचा धाकटा भाऊ, माझ्याबरोबर जंगलात येतो. आम्ही दोघं मोठं पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत नेतो. गोचिडी फडक्याला चिकटतात, त्या चिमट्याने उचलून बाटलीत टाकायच्या, मग संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायची. मोठ्या ओळखणं सोपं. पिल्लांचं काम अवघड, ती मोहरीएवढीही नसतात.

तुझं विचारलेलं: सहा पायांची ती लार्व्हा, अंड्यातून नुकती निघालेली. आठ पायांची ती निम्फ. माकडतापाच्या बाबतीत माणसाला चावते आणि ताप देते ती मुख्यतः निम्फ. म्हणून आठ पायांची दिसली की आम्ही जास्त काळजी घेतो. झालं? बाटल्यांचा ढीग पडलाय, घाईत आहे.

सीमावहिनीला जप. तिला तिखट देऊ नकोस.

वल्लरी


काळाचौकी, १७ जानेवारी

माझे गुणी बाय,

तुझं पत्र मी पोलक्यात ठेवून फिरले. काय कामाला आलं म्हणून सांगू!

हळदीकुंकवाच्या सकाळी सीमा शेकाला गेली होती. मी तिची गोधडी झटकली, तर शिवणीत काहीतरी हललं. टाचणीच्या डोक्याएवढं. दुसरी कोणी असती तर नखाने चिरडलं असतं. मी साखरेच्या डब्याचं पांढरं झाकण घेतलं, त्यावर ठेवलं, वर चिकटपट्टी लावली आणि गॅलरीत उजेडात भिंग धरलं. करी रोडचा तो टॉवर उभा राहिल्यापासून आपल्या गॅलरीत ऊन येतं ते दहा वाजता येतं आणि चहा पिईस्तोवर जातं, पण तेवढ्यात मोजले. एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला चार. परत मोजले. आठ!

वल्लरे! तुझं पत्र काढून बघितलं, बोट ठेवून. आठ पायांची ती निम्फ, ताप देते ती. तुझ्याच अक्षरात.

मी झाकण घेऊन बेबीकडे गेले. हळदीकुंकू सुरू व्हायचं होतं. बेबी म्हणते, "काय गो मालनताई, साखर संपली काय?" मी म्हटलं, "साखर नाही, मरण आणलंय." मग काय विचारतेस! सगळ्या आल्या. वरच्या मजल्याच्यासुद्धा, ज्या आपल्याकडे ढुंकून बघत नाहीत. बेबीची सून रुपाली बाळाला कडेवर घेऊन, "आजी, मला दाखवा, मला दाखवा." एकेकीने भिंग लावून पाय मोजले. कुणाला सात आले, कुणाला नऊ, मी परत मोजून दाखवले. मी सांगितलं, हे निम्फ. मोठ्याने सांगितलं. बेबीने खुर्ची दिली.

तुला माहीत नसेल, तुझे आजोबा गेल्यापासून हळदीकुंकवात मी खुर्चीवर बसले नव्हते. कुणी बसू नका म्हणत नाही, पण सगळ्यांना कुंकू लावत लावत ताट माझ्यापाशी आलं की हात जरा अडखळतो, म्हणून मीच चहाच्या पातेल्यापाशी राहते. ह्या वर्षी चहा रुपालीने केला. मंडळाच्या हेरंबने झाकणाचा फोटो काढून सगळ्या चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मालन आजींच्या सतर्कतेमुळे." संध्याकाळी किराणावाल्याने मला आजी नाही म्हटलं, आजीबाई म्हटलं. डॉक्टरीण झाल्यासारखं वाटलं मला.

ते पिल्लू ह्या पाकिटात आहे, काड्यापेटीत, चिकटपट्टीखाली. तुझ्या मोठ्या साहेबांना दाखव. आजीने पकडलं म्हण.

लवू आणि सीमा दुसरीकडे राहायला गेले. त्यांचं त्यांनीच ठरवलं. हिंदमाताकडे कुणी ओळखीचं निघालं म्हणे. तिथून हॉस्पिटलही जवळच. गोधडी राहिली, ती मी गच्चीवर टाकलीय.

बादशा दोन दिवस जेवला नाही. कुत्र्याचं काय, नखरे असतात.

मालन आजी


२१ जानेवारी

आजी,

काड्यापेटी मिळाली. पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मोठ्या साहेबांना दाखवायची गरज पडली नाही.

पाय हे वय सांगतात, जात नाही. जगातल्या कुठल्याही गोचिडीचं अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं असतं. रक्त पिऊन कात टाकली की आठ. शेळीची असो, गाईची असो, कुत्र्याची असो. मग मोठी झाली तरी आठच. तू आठ मोजलेस ते बरोबर मोजलेस. त्यावरून एवढंच कळतं की ते बाळ अगदी तान्हं नाही.

जात ओळखायची ती तोंडाजवळून. मी चित्र काढून पाठवतेय. डावीकडचं आमच्या जंगलातलं: तोंडाशेजारी दोन जाड गालफडं असतात, ती दोन्ही बाजूंना बाहेर काढल्यासारखी. डोळे नाहीत. उजवीकडचं तू पाठवलेलं: गालफडं बारीक, सरळ. पण त्यांच्या मागची मान बघ, ती चौकोनी नाही, दोन्ही बाजूंना टोकं काढलेली, पतंगाच्या कडांसारखी. आणि पाठीवरच्या ढालीच्या कडेला दोन डोळे. ही कुत्र्याची तपकिरी गोचीड आहे. आख्ख्या मुंबईत आहे. सीमावहिनीच्या गोधडीवर बादशा झोपत होता, हे तूच लिहिलंस.

आणि समजा, ती जंगलातली असती तरी? माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. सीमावहिनी शेजारी बसली म्हणून कुणाला काही झालं नसतं.

लवूदादाचं हिंदमाताला ओळखीचं कुणी नाही. ते पुलाखाली झोपतात, हॉस्पिटलात आलेली बाकीची माणसं झोपतात तिथे, प्लास्टिक अंथरून. लवूदादाने वसंतदादाला फोनवर सांगितलं. वसंतदादाने मला सांगितलं नाही. मी कातळावर उभी होते तेव्हा त्याचं बोलणं ऐकू आलं.

आजी, "त्यांचं त्यांनीच ठरवलं" म्हणजे काय?

वल्लरी


काळाचौकी, २५ जानेवारी

वल्लरी,

आधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं की तूच तर आठ पायांची म्हणालीस, आणि बेबीने मागे लागून लागून करायला लावलं, आणि हेरंबने ग्रुपवर टाकायला नको होतं. ते फाडलं. चुलीत घातलं असतं, पण गॅस आहे.

बादशाला मांडीवर घेतलं. कान उलटा केला. तिथे गोचिडी ओळीने बसलेल्या. मोठ्या, लहान, आणि त्या पिल्लासारख्याही. एक काढून झाकणावर ठेवली. पाय आठ. मान काही ह्या भिंगातून दिसत नाही, भिंग पेपरचं आहे. पण तपकिरी रंग तोच, आकार तोच, आणि दहा वर्षं त्याच्या कानाला मीच खोबरेल लावतेय. मला कळायला हवं होतं. मला कळलंही असतं, पण त्या दिवशी मला कुत्र्याची नको होती. कुत्र्याच्या गोचिडीला बेबीने खुर्ची दिली नसती.

आता सांगते. ती शेकाहून आली तेव्हा हळदीकुंकू चालू होतं. बेबीच्या दारात सगळ्या उभ्या. सीमा जिना चढून आली, घामाने भिजलेली, आणि आपली समजली की तिलाही बोलावलंय, म्हणून पदर सारखा करून दाराशी थांबली. कुणी आत ये म्हटलं नाही. रुपालीने बाळाचं तोंड फिरवलं. बेबी मला म्हणाली, "मालनताई, तुम्हीच सांगा, तुमची माणसं आहेत."

मी खुर्चीवर होते. मी म्हटलं, "सीमा, जरा बाहेरच थांब हां. आणि गोधडी गॅलरीत घाल, रात्री तिथेच झोपा दोघं."

जा असं नाही म्हटलं मी. हे मी मनाला दहा वेळा सांगितलं. पण बाहेर झोपा असं दुखणेकरणीला म्हटलं की पुढचं वेगळं सांगावं लागत नाही. ती "बरां, काकी" म्हणाली. कपाळ कोरडंच. सवाष्ण बाई हळदीकुंकवाच्या दारातून बिनकुंकवाची परत गेली, आणि परत पाठवली कुणी, जिला स्वतःला तिथे उभं राहताना दरवर्षी कसंतरी होतं तिने. पंधरा वर्षं मी पातेल्यापाशी बसून हाच विचार करतेय, की ह्या बायांना एवढंही कळत नाही काय. मला तर एका दिवसातच कळेनासं झालं.

लवूने पिशव्या आवरल्या. बॅगा उचलल्या. जाताना कोकमाची बरणी मात्र कोनाड्यात सरळ करून ठेवली, कलली होती ती.

मला आता गॅलरीतून जाताना लोक नमस्कार करतात, ते नको वाटतं. किराणावाल्याकडे बेबीच्या मोठ्या नातवाला पाठवते. तू म्हणशील जा आणि माफी माग. पाय उचलत नाही गो. काय तोंडाने जाऊ? आणि चाळीत काय सांगू, की मालनआजी पाय मोजायला शिकली आणि पुढचं शिकलीच नाही? हसतील.

त्यांनी हसावं असं मला वाटत नाही, हे तुला खरं लिहिलं.

आजी


२८ जानेवारी

आजी,

तुझं पत्र वाचून मी माझं आधीचं पत्र आठवून बघितलं.

"आठ पायांची दिसली की आम्ही जास्त काळजी घेतो" हे वाक्य मी लिहिलं. मला ठाऊक होतं की तू ते चाळीत सांगणार. घाईत आहे असं लिहिलं होतं, पण घाई नव्हती. मला कंटाळा आला होता समजावण्याचा. आजीला काय, दोन ओळी पुरे, असं वाटलं.

अजून एक. गेल्या पावसानंतर इथे एक बाटली आली होती, पिल्लांची. बाटलीवरच्या चिठ्ठीत गावाचं नाव होतं, ज्या गावात माकडं मेली होती त्या गावाचं. मी माना न बघताच सगळी जंगलाची म्हणून नोंदवली. साहेबांनी परत बघायला लावली, तेव्हा निम्मी कुत्र्याची निघाली, गोठ्याशेजारच्या कुत्र्याची. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चिठ्ठी शेवटी वाचायची. आधी प्राणी बघायचा." ती चिठ्ठी तुझ्याकडेही होतीच. दोडामार्गाहून आलेली माणसं.

मी वसंतदादाला सांगितलं. गोचीड आपल्या चाळीतल्या कुत्र्याची होती हे, आणि तुला तसं कुणामुळे वाटलं तेही. आम्ही फडकं ओढत होतो. मला वाटलं तो फडकं टाकून जाईल. तो थांबला, फडक्याचा एक कोपरा काट्यात अडकला होता तो सोडवला, आणि म्हणाला, "नीट धर तुझ्या बाजूचा." नंतर दिवसभर कामापुरतं बोलला. संध्याकाळी त्याच्या आईने आंबोळी पाठवली, नेहमीसारखी. तिला त्याने सांगितलेलं नाही. मला ती गिळली नाही. फेकवलीही नाही.

तू जा असं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते: तिचे शेक अजून चालू आहेत, आणि पुलाखालच्या धुळीत ती जखम नीट राहत नाहीये. लवूदादा वसंतदादाला रोज हे सांगतो. हसण्याचं तू बघ.

बादशाच्या कानाचं औषध प्राण्यांच्या डॉक्टरकडून आण. खोबरेलाने काही होत नाही. कुत्र्याची गोचीडही अंगावर ठेवायची गोष्ट नाही.

वल्लरी


काळाचौकी, २ फेब्रुवारी, रविवार

वल्लरे,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी गेले. टॅक्सी नाही केली, चालत गेले, म्हटलं पायांना कळू दे. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांतून बाया पिशव्या भरभरून बाहेर पडतायत, आणि त्यांच्या बाजूलाच पुलाखाली ओळीने संसार मांडलेले. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत गेले. तोंडाकडे बघायची सवय नव्हती राहिली, लाज वाटत होती.

लवू दिसला आधी. त्याने मला बघितलं आणि उठून पाण्याची बाटली भरायला निघून गेला. बाटली भरलेली होती.

सीमा पुलाच्या खांबाला टेकून बसली होती. मी काय काय पाठ करून गेले होते, सगळं विसरले. मी म्हटलं, "सीमा, ती कुत्र्याची होती. आमच्या बादशाची." एवढंच आलं तोंडातून.

ती काय म्हणाली असेल? रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "काकी, ती माज्या गोधडीर गावली ना? मगे माका कित्याक नाय दाखवलात? सगळ्या चाळीन बगली. मीच रवलंय."

वल्लरे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. अख्ख्या चाळीने पाय मोजले. जिची गोधडी, तिला कुणी भिंग दिलं नाही.

माझ्या पिशवीत होतं भिंग, आणि झाकणही, बादशाच्या कानातल्या गोचिडीसकट. पुलाखाली उजेड कुठला, तिने रस्त्याच्या कडेला सरकून उन्हात धरलं. बराच वेळ बघत होती. मी तुझं चित्र दाखवलं, कुठली मान, कुठली गालफडं. ती म्हणाली, "ह्या भिंगातून मान दिसना नाय." मी म्हटलं, नाहीच दिसत. "मगे तुमका कसां कळलां?" मी म्हटलं, मला कळलं नव्हतं, म्हणून तर.

मग तिने विचारलं, "चाळीत सांगलात?" मी झाकण पिशवीत टाकलं. "मगे माका सांगून काय उपेग, काकी? माका ठावक होता मी कोण ता." आणि भिंग पदराने पुसून परत दिलं. हातात नाही दिलं, पिशवीत ठेवलं.

दोन रात्री डोळा नाही लागला. काल माघी गणपती. मंडळात सकाळपासून माईक चालू. हेरंब पुकारत होता, अमक्याची चप्पल हरवली, तमक्याने वर्गणी दिली. मी मांडवात गेले. म्हटलं, हेरंबा, माईक दे. तो म्हणाला, "आजी, आरती म्हणताय?" म्हटलं, हो, माझीच.

माईक दातांवर आपटला. मी म्हटलं, मी मालन, पहिला मजला. संक्रांतीला मी जी गोचीड दाखवली ती माकडतापाची नव्हती, बादशाच्या कानातली होती. पाय मोजून जात कळत नाही, मला ते माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं मी बोलले. आजारी माणसाला घराबाहेर झोपायला सांगितलं ते मी, बेबीने नाही, हेरंबने नाही. तो ताप शेजारी बसून होत नाही. माझी पुतणसून पुलाखाली झोपतेय. मला एवढंच सांगायचं होतं. मग पुढे काय म्हणायचं सुचेना, म्हणून गणपती बाप्पा मोरया म्हटलं. मोरया कुणीच म्हटलं नाही. मग एका पोराने म्हटलं, आणि ते हसले. हसले गो. माझ्यासमोर हसले, मी जिना चढेपर्यंत हसत होते. वरच्या मजल्याची कुणी म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आता डास कुठला ते सांगा." किराणावाला आता काय म्हणतो ते बघायला गेले नाही अजून.

बेबी रात्री आली. दारात उभी. मला वाटलं भांडायला. म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, पण सांगितलं मी. ती गेली. सकाळी गच्चीवर गेले तर तिने सीमाची गोधडी धुऊन वाळत घातलेली, टॉवरच्या सावलीतून ऊन फिरेल तशी ती सरकवत होती, त्या गुडघ्यांनी. आणि हेरंबने तो फोटो ग्रुपवरून काढला म्हणतात. ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच.

आज परत गेले पुलाखाली. गोधडी नाही नेली. नेली असती तर तिथेच राहा म्हटल्यासारखं झालं असतं. मी सीमाला सांगितलं, माईकवर सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. लवूला चाळीतल्या कुणीतरी फोन केलेला. लवू तिथेच होता, आज उठून नाही गेला, पण माझ्याकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारत बसला. पेटलेल्या स्टोव्हला.

मी म्हटलं, यंदा मंगळवारी, रथसप्तमीला, हळदीकुंकू माझ्या खोलीत करणार आहे. सीमा म्हणाली, "तुमी?" म्हटलं, मी. माझ्यासारख्या करतात की नाही मला माहीत नाही, कुणाला विचारणारही नाही. कुंकू लावायला एक सवाष्ण लागेल, मी चहा करीन. येतील त्या येतील. सगळ्यांच्या आधी तुझं कपाळ.

तिने पदर सारखा केला. मग लवूच्या पाठीकडे बघितलं. पाठ काही बोलली नाही, पण पंप मारायचा थांबला.

बादशाचं औषध आणलं. कानात घालताना चावला मला, बरोबर आहे त्याचं.

खोली आवरून ठेवलीय. गोधडी खाटेवर घातलीय, दारापासच्या, वाऱ्याच्या. राहायला येणार की नुसतं कुंकू लावून परत जाणार, ते मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार माझा नाही उरला. ती म्हणाली, "मंगळवारचा शेक झालो काय येतंव."

मंगळवारी येतात.

आजी